भाषेचा रकाना, देशाचा रकाना

संगणकावर किंवा मोबाईलवर एखादे मोठे संकेतस्थळ उघडले की दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. भाषा कोणती आणि देश कोणता? बहुतेक माणसे या दोन रकान्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. जे आपोआप भरून आले असेल ते तसेच ठेवतात आणि पुढे जातात. आम्हाला मात्र तेथे थबकण्याची सवय लागली आहे. कारण हे दोन प्रश्न संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या मागे लागलेले आहेत. यवतमाळ जिल्ह्यातला मुसलमान शाळेत पोराचे नाव घालायला गेला, शिरगणतीला आलेल्या मास्तरांसमोर बसला, एस.टी.त शेजारच्या प्रवाशाशी दोन शब्द बोलला, तरी हे प्रश्न तेथे असतातच. फक्त ते तोंडाने विचारले जात नाहीत. नाव ऐकले की उत्तर आधीच धरून चाललेले असते.

आमची भाषा कोणती, हे एका शब्दात सांगणे आम्हालाच सोपे नाही. सकाळी अम्मी ज्या बोलीत हाक मारायची, “उठ रे, स्कूलकू जाना नै क्या?” ती बोली कोणत्याच यादीत सापडत नाही. दिल्ली-लखनौचे लोक तिला उर्दू मानायला तयार नसतात आणि हिंदीवाले तिला हसतात. घराच्या उंबऱ्याबाहेर पडले की वऱ्हाडी सुरू होते. कापसाच्या गाड्यांपाशी “आज काय भाव देऊन राह्यले?” असे विचारताना जीभ अडखळत नाही, कारण ती भाषा कोणी शिकवलेली नाही, ती अंगणातच मिळाली. शाळेत पुस्तकी मराठी. मशिदीत अरबी खुतबा आणि त्याआधीचे बयान उर्दूत. दिग्रस-पुसदच्या बाजारात दुकान असेल तर चार शब्द गोरमाटी येणे भागच आहे. पांढरकवड्याकडच्या नातेवाइकांच्या बोलण्यात आदिलाबादकडचे तेलुगू शब्द येतात. आर्णीला बाबा कंबलपोश यांच्या उर्साला गेले तर एका बाकावर या सगळ्या भाषा मांडीला मांडी लावून बसलेल्या दिसतात. तेथे कोणी कोणाला ‘तुमची भाषा निवडा’ असे म्हणत नाही.

निवडायला लावतो तो कागद, आणि आता कागदाची जागा पडद्याने घेतली आहे. मागे आमच्या पुतणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आम्ही एका केंद्रावर गेलो होतो. चालवणारा मुलगा हुशार होता, हात भराभर चालत होता. नाव टाकले, जन्मतारीख टाकली, आणि मातृभाषेच्या रकान्यात आम्हाला न विचारता ‘उर्दू’ निवडून मोकळा झाला. आम्ही म्हटले, “बाळा, पोरगी पहिलीपासून मराठी शाळेत आहे. मराठी टाक.” त्याने मागे वळून पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिरस्कारही नव्हता, नुसते आश्चर्य होते. म्हणाला, “काका, पण नाव तर...” आणि वाक्य तिथेच सोडून त्याने रकाना बदलला. त्याचे ते अर्धे राहिलेले वाक्य आम्ही आयुष्यभर ऐकत आलो आहोत. “तुम्ही मराठी किती छान बोलता!” हे कौतुकही त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग आहे.

दुसरा प्रसंग देशाच्या रकान्याचा. आमच्या वडिलांना उर्दू वाचता येत असे. म्हातारपणी मोबाईलवर आपल्या लिपीत काही वाचता यावे अशी त्यांची इच्छा होती. दुकानदाराने भाषांच्या यादीत उर्दू शोधली, बोट ठेवले, तर खाली आणखी दोन ओळी उघडल्या. उर्दू, पाकिस्तान. उर्दू, भारत. दुकानात पाच-सहा जण होते. एकाने गमतीने विचारले, “चाचा, कोणता देश टाकू?” सगळे हसले. आम्हीही हसलो. वडील हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि म्हणाले, “जो है वोच डाल.” त्यात थट्टा करणाऱ्याचा वाईट हेतू नव्हता, हे आम्हाला तेव्हाही ठाऊक होते. पण ज्या माणसाची तीन पिढ्यांची हाडे याच जिल्ह्याच्या काळ्या मातीत आहेत, त्याला सत्तरी उलटल्यावर भाषेपायी देश विचारला जावा, हे काही हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

या गोष्टी यंत्र मुद्दाम करते का? आम्ही शोध घेतला तेव्हा जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो. संगणकाच्या व्यवहारात प्रत्येक भाषेला एक छोटा संकेत दिलेला आहे. मराठीला ‘एम आर’, उर्दूला ‘यू आर’. देशाला वेगळा संकेत आहे. भारताला ‘आय एन’, पाकिस्तानला ‘पी के’. दोन्ही जोडले की पूर्ण ओळख होते. ‘एम आर - आय एन’ म्हणजे भारतातली मराठी. ‘यू आर - आय एन’ म्हणजे भारतातली उर्दू. ज्यांनी ही पद्धत आखली त्यांनी भाषा आणि देश यांच्यासाठी दोन स्वतंत्र जागा ठेवल्या, हे विसरून चालणार नाही. स्वित्झर्लंडच्या माणसाला जर्मन, फ्रेंच, इटालियन किंवा रोमान्श यांतली कोणतीही भाषा निवडून देश मात्र स्वित्झर्लंडच ठेवता येतो. त्याने जर्मन निवडली म्हणून त्याला कोणी जर्मनीत पाठवत नाही.

गडबड होते ती पुढे. भाषा सांगितली आणि देश सांगायचा राहिला, तर यंत्राला काहीतरी धरून चालावे लागते. त्यासाठी युनिकोड संस्थेने एक कोष्टक तयार केले आहे आणि जगातल्या बहुतेक कंपन्या ते वापरतात. त्यात नुसती मराठी म्हटली की भारत धरला जातो, नुसती बंगाली म्हटली की बांगलादेश, आणि नुसती उर्दू म्हटली की पाकिस्तान. मग रुपयाही तिकडचा दिसू लागतो.

यात केवळ डोकी मोजलेली नाहीत, हे लक्षात घ्यावे. पंजाबी बोलणारे भारतापेक्षा पाकिस्तानात कितीतरी जास्त आहेत, तरी त्याच कोष्टकात नुसती पंजाबी म्हटली की गुरुमुखी लिपी आणि भारत धरला जातो. उर्दूचा हिशेब तर उलटाच आहे. २०११ च्या जनगणनेत उर्दू ही आपली मातृभाषा आहे असे भारतात ५ कोटी ७ लाख लोकांनी सांगितले. पाकिस्तानच्या २०२३ च्या जनगणनेत असे सांगणारे सव्वादोन कोटींच्या आसपास होते. तिकडे ती राष्ट्रभाषा आहे, शाळेत आणि कचेरीत सर्वांनाच ती लागते, ही गोष्ट खरी. पण आईच्या कुशीत उर्दू ऐकणारी माणसे आजही भारतातच अधिक आहेत. आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा पहिल्या दिवसापासून शेजारी बसलेल्या आहेत. इतकेच काय, दिल्लीतल्या एका कंपनीने १९९४ च्या सुमारास ‘इनपेज’ नावाचे जे उर्दू जुळणीचे साधन काढले, त्यावर सीमेच्या दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रे छापली गेली. भाषेने सीमा कधीच ओलांडली होती, यादी करणाऱ्यांनी मात्र तिला पुन्हा सीमेवर उभे केले.

त्यात भर घातली झेंड्यांनी. पुष्कळ संकेतस्थळांवर भाषेच्या नावापुढे छोटासा झेंडा लावतात. दिसायला सुबक दिसते. पण झेंडा देशाचा असतो, भाषेचा नसतो. उर्दूपुढे पाकिस्तानचा झेंडा लावणाऱ्या परदेशी कारागिराला बहुधा काहीच वाटत नसेल. ते पान आमच्या मोहल्ल्यातल्या पोराने शाळेच्या संगणकावर उघडले आणि मागे वर्गमित्र उभे असले, तर त्या पोराला काय वाटत असेल, याचा त्याने कधी विचार केला नसेल. पोरगा घाईघाईने इंग्रजी निवडतो. आम्ही असे पाहिले आहे. ना मराठी, ना उर्दू; ज्या भाषेवर कोणी संशय घेत नाही ती भाषा तो निवडतो.

देश आणि भाषा एकच, हे समीकरण आमच्या जिल्ह्याच्या इतिहासालाही मानवत नाही. यवतमाळ हा वऱ्हाडचा भाग. वऱ्हाड निजामाचा होता. १८५३ साली तो कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, १९०२ साली कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आला, आणि दुसऱ्याच वर्षी मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. पैनगंगेपलीकडचा आदिलाबाद आधी हैदराबाद राज्यात होता, मग आंध्रात गेला, २०१४ पासून तेलंगणात आहे. म्हणजे एका शतकाच्या आत-बाहेर आमच्या आज्या-पणज्यांच्या देशाचा आणि प्रांताचा रकाना चार-पाच वेळा बदलला. त्यासाठी त्यांना कोणी विचारले नाही. पण कापूस वेचणारी बाई वेचताना ज्या भाषेत गात होती, ती भाषा काही या तारखांना बदलली नाही.

मराठीचेच उदाहरण घ्या. मराठीच्या पुढे यादीत एकच देश असतो, भारत. मॉरिशसमध्ये मराठी माणसे एकोणिसाव्या शतकापासून राहत आहेत. इस्राएलमध्ये कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल लोकांनी ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक चालवले. धर्माने यहुदी, देशाने इस्राएली आणि भाषेने मराठी. त्यांना कोणी म्हटले का, की तुम्ही मराठी बोलता म्हणजे तुमची निष्ठा कोठे आहे? उलट आपल्याला त्यांचा अभिमान वाटतो. तो अभिमान रास्तच आहे. मग तोच न्याय उर्दू बोलणाऱ्या भारतीयाला आणि मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला का लागू होऊ नये?

धर्म, भाषा आणि देश यांची एकच मोट बांधण्याचा प्रयोग जेथे झाला तेथे काय घडले, हेही पाहावे. एक धर्म म्हणून एक देश झाला आणि मग एकच भाषा लादायला निघाले, तेव्हा २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्याच्या रस्त्यावर बंगालीसाठी मुसलमान पोरांनी रक्त सांडले. पुढे १९७१ मध्ये तो देश फुटला. युनेस्कोने १९९९ साली हाच दिवस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला. कलमा एक असला म्हणून जीभ एक होत नाही, हे आमच्या समाजाने यातून शिकायला हवे होते.

हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण गृहीत धरणारे फक्त बाहेरचे नाहीत. आपल्यातलेही आहेत. “मराठीत काय लिहिता? आपली जबान उर्दू आहे,” असे सांगणारे बुजुर्ग आम्हाला प्रत्येक गावात भेटले. उर्दूबद्दल आम्हाला प्रेम आहे, वडिलांकडून ती वारशाने मिळाली आहे. पण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ कोणत्या भाषेत लिहिला? अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राचा आवाज कोणत्या भाषेत उठवला? १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते काय पाहुण्या भाषेत भरले होते? २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख आणि उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. मधले पन्नास लाखांहून जास्त लोक कोण आहेत? ते मराठी, हिंदी, कोकणी, गुजराती अशा भाषा सांगणारे आपलेच भाऊबंद आहेत. नावावरून भाषा ओळखणारी यंत्रे आणि माणसे दर दहा जणांत चार जणांच्या बाबतीत चुकतात, असा याचा साधा अर्थ आहे.

अलीकडे आमच्या विदर्भातच या प्रश्नाचा निकाल लागला. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या इमारतीवर मराठी नावाखाली तेच नाव उर्दूत लिहिलेले होते. ते काढावे म्हणून एका माजी नगरसेविकेने दाद मागितली. प्रकरण नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशु धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी ती मागणी फेटाळली. महाराष्ट्राच्या २०२२ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना मराठी सक्तीची केली आहे, पण मराठीच्या जोडीला दुसरी भाषा लिहायला मनाई केलेली नाही, असे न्यायालयाने म्हटले. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती लोकांची आणि प्रदेशाची असते, आणि उर्दू याच भूमीत जन्मली, हेही निकालात स्पष्ट सांगितले. आम्हाला त्या पाटीत एक धडा दिसतो. वर मराठी, खाली उर्दू, गाव पातूर, देश भारत. एवढी साधी मांडणी जगातल्या हुशार कारागिरांना यादीत करता येऊ नये, असे थोडेच आहे?

मात्र आपल्या तक्रारीच्या भरात आपल्याहून मागे राहिलेल्यांना विसरू नये. आम्हाला निदान दोन-दोन भाषांचे रकाने मिळतात. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीकडच्या कोलाम बांधवांची कोलामी, गोंडांची गोंडी, तांड्यावरची गोरमाटी यांना कोणत्या संकेतस्थळावर जागा आहे? जगाच्या भाषा-संकेतांच्या यादीत या सगळ्यांना तीन-तीन अक्षरे मिळालेली आहेत, आमच्या वऱ्हाडीलाही ‘व्ही ए एच’ असा संकेत आहे. पण संकेत मिळाला म्हणजे पान मिळाले असे होत नाही. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात जुन्या हस्तलिखितांतून जी गोंडी लिपी उजेडात आली, तिला २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. ते गाव आमच्यापासून काही फार लांब नाही. ती लिपी वाचू शकणारा एखादा म्हातारा पांढरकवड्याच्या बाजारात मोबाईल घ्यायला आला, तर दुकानदार त्याला भाषांची यादी दाखवील आणि त्यात त्याची भाषा नसेल. आम्हाला चुकीचा देश दिला गेला, त्याला तर रकानाच दिला गेला नाही.

मग करावे काय? संकेतस्थळे बनवणाऱ्यांत आता आपलीही मुले आहेत. पुण्या-हैदराबादला नोकरी करणारी यवतमाळची मुले सुट्टीत घरी येतात, त्यांना आम्ही चार गोष्टी सांगतो. भाषा आणि देश हे प्रश्न वेगवेगळे विचारा. भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहा आणि तिच्यापुढे झेंडा लावू नका. नाव, गाव, मोबाईलचे ठिकाण यांवरून भाषेचा अंदाज बांधला तर तो बदलण्याची सोय पहिल्याच पानावर, डोळ्यांसमोर ठेवा. आणि मराठी दिली तर शेवटपर्यंत द्या. पहिले पान मराठी आणि पैसे भरायच्या पानावर इंग्रजी, असला कारभार म्हणजे पंगतीला बसवून ताट उचलून नेण्यासारखा आहे.

आपण वापरणाऱ्यांनीही थोडे हात हलवावेत. २०१६ नंतरच्या बहुतेक मोबाईलमध्ये एकच भाषा निवडण्याची सक्ती राहिलेली नाही. आवडीच्या क्रमाने दोन-तीन भाषा लावता येतात. मराठी पहिली, उर्दू दुसरी, इंग्रजी तिसरी, आणि प्रत्येकीपुढे भारत. मग संकेतस्थळ उघडताना यंत्र ही यादी आपणहून पुढे करते आणि पहिली भाषा नसेल तर दुसरी मागते. संकेतस्थळे असे कोणी मागतच नाही म्हणून मराठी देत नाहीत, आणि ती देत नाहीत म्हणून आपण मागत नाही. हे चक्र कोठेतरी आपणच तोडले पाहिजे.

यंत्राची ही एक गोष्ट आम्हाला माणसांपेक्षा शहाणपणाची वाटते. आपली एकच भाषा सांगा, दुसरी सोडून द्या, असे ते म्हणत नाही. क्रम लावा म्हणते. आमच्यासारख्या घरांना असाच प्रश्न हवा होता.

सगळ्यात मोठा रकाना अजून भरायचा आहे. २०२१ साली व्हायची जनगणना लांबली आणि १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून ती जाहीर झाली. यावेळी लोकांना आपली माहिती स्वतः पडद्यावर भरण्याची सोय ठेवली आहे. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आईने जिच्यात बोलायला शिकवले ती भाषा, आणि तिच्याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषाही सांगता येतात. तेव्हा मशिदीच्या दारात किंवा चहाच्या टपरीवर कोणी सांगितले म्हणून एक भाषा लिहू नका, आणि कोणी भुवई उंचावेल म्हणून दुसरी लपवू नका. अम्मीला विचारा. ती हयात नसेल तर तिची हाक आठवा. ज्याची उर्दू असेल त्याने निर्धास्त उर्दू लिहावी, ज्याची मराठी असेल त्याने निर्धास्त मराठी लिहावी, आणि उरलेल्या भाषाही खाली लिहाव्यात. देशाच्या बाबतीत आपल्याला कोणाला विचारण्याची गरज नाही. तो रकाना आपल्या वाडवडिलांनी कधीच भरून ठेवला आहे.